एकवचन आणि बहुवचन

तालुक्याच्या गावी 'तहसीलदार' या शब्दास जे वजन असते, ते मोठ्या शहरांतील वाचकांस समजावून सांगणे जरा कठीण आहे. मुंबईत मंत्र्यांची मोटार शेजारून गेली तरी लोक तिच्याकडे न पाहता आपल्या घड्याळाकडे पाहतात. आमच्या मूर्तिजापुरात तहसील कचेरीच्या आवारात दाखल्यासाठी झाडाखाली बसलेली माणसे, साहेबांची गाडी फाटकातून आत वळताच, कोणी न सांगता उठून उभी राहतात. सातबारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, अवकाळी पावसाने आडव्या झालेल्या पिकाचा पंचनामा, निराधार म्हातारीचे अनुदान, निवडणुकीची यंत्रे, संसारातील इतक्या गोष्टी त्या एका सहीपाशी येऊन थांबतात, की ती सही करणारा हात आपल्या मुलाचा असावा, ही इच्छा येथील प्रत्येक बापाच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन गेलेली असते. पंचवीस-तीस वर्षांच्या अध्यापनात विद्यार्थ्यांच्या महत्त्वाकांक्षा बदलताना आम्ही पाहिल्या. शिक्षक मागे पडला, संगणकाचा अभियंता पुढे आला, तोही थोडा उतरला. तहसीलदार मात्र होता तेथेच आहे.

म्हणूनच कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे याची हकीकत आम्हांस जितकी नवलाची वाटते, तितकी ती खेळाच्या पानावर वाचणाऱ्या बहुतेकांस वाटली नसावी.

हा मुलगा 1991 च्या ऑगस्टात जन्मला. 2008 साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये 50, 100 आणि 200 मीटर फ्रीस्टाइल या तीन शर्यतींत तो उतरला, तेव्हा त्याला सतरावे वर्ष पुरे व्हायचे होते. 100 मीटरांच्या प्राथमिक फेरीत तो आपल्या गटात पहिला आला. एकंदर वेळेच्या हिशेबात पुढच्या फेरीत त्याला जागा मिळाली नाही; तथापि सोळा वर्षांच्या मराठी मुलाने ऑलिंपिकच्या पाण्यात कोणालाही आपल्या पुढे जाऊ न देता भिंत गाठावी, ही गोष्ट लहान नव्हती. पुढील वर्षी त्याने 50 मीटर अंतर 22.52 सेकंदांत कापून राष्ट्रीय विक्रम केला. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई खेळांत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. पोहण्यातले आशियाई पदक भारतास त्यापूर्वी 1986 साली सोल येथे खजान सिंगने मिळवून दिले होते. म्हणजे मध्ये चोवीस वर्षे कोरडी गेली होती. 2011 साली अर्जुन पुरस्कार झाला. वय एकोणीस-वीस. आणि मग महाराष्ट्र सरकारने त्यांस तहसीलदार केले.

वाचकांच्या ध्यानात आले असेल, की मागील वाक्यात आमचे व्याकरण एकाएकी बदलले. 'तो' होता त्याचे 'ते' झाले. हा आमचा हस्तदोष नव्हे. ती आमच्या भाषेची रीत आहे. मराठीत खेळाडू एकवचनी असतो. सुनील बाद झाला, सचिन खेळला, खाशाबाने पदक आणले. यात अनादर यत्किंचितही नसतो. ज्या जवळिकीने आपण विठोबाला आणि आईला अरे-तुरे करतो, तीच ही जवळीक. अधिकारी मात्र जन्मतःच बहुवचनी. कालपर्यंत चड्डीवर गल्लीत हिंडणारा पोरगा परीक्षा उत्तीर्ण होऊन आला, की त्याची सख्खी मावशी पाहुण्यांदेखत 'साहेब आले' म्हणते. (आम्ही स्वतः हा सर्व मजकूर बहुवचनात लिहीत आहो, याकडे कोणी बोट दाखवील तर प्राध्यापकांनाही थोडी हौस असते एवढेच आमचे उत्तर आहे.)

श्री. खाडे यांची नेमणूक मालवणास झाली. मालवणाला समुद्र आहे, परंतु समुद्राचा या कामी काही उपयोग नाही. पन्नास मीटरांची शर्यत ही नदी-समुद्रातल्या पोहण्याहून अगदी वेगळी विद्या आहे. तीत दमश्वास पुरवून वापरायचा नसतो. ठोकळ्यावरून उडी घेताना इशाऱ्यास किती त्वरेने पाय उत्तर देतात, पाण्याखालून किती अंतर निघते, हाताचे फटके किती पडतात आणि अखेरच्या फटक्याला बोटे भिंतीवर नेमकी पोहोचतात की अर्धा हात कमी पडतो, यावर सारे असते. अशा विद्येस तलाव, शिक्षक, घड्याळ आणि रोजचे चार-सहा तास लागतात. वाळूचे लिलाव, रजिस्टरे आणि बैठका यांच्या फटीत ती बसत नाही. सरकारी नोकरीच्या त्या आरंभीच्या काळात त्यांची तयारी जवळजवळ चार वर्षे तुटली. हाताला पाण्याची जी पकड लागते ती तर पैलवानाच्या अंगातल्या मातीसारखी असते: रोज लावली तर टिकते. विशी ते चोविशी हा शर्यतीत पोहणाऱ्याचा ऐन बहराचा काळ, आणि नेमका तोच कचेरीत गेला.

यात सरकारची काही चूक झाली असे आम्ही म्हणत नाही. उलट, दिले ते मोठ्या मनाने दिले. खाशाबा जाधवांचे दिवस आठवले म्हणजे हे पटते. 1952 साली हेलसिंकीस जाण्यासाठी त्यांना पैसे जमवावे लागले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. (प्राध्यापकाच्या घरावर एवढे कर्ज मिळत असे, हेही त्या काळाचे वैशिष्ट्य.) स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आल्यावर त्यांना पोलिसात फौजदाराची नोकरी मिळाली ती 1955 साली. त्या मानाने आज खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत आणि मोठे पदक आणणाऱ्यास थेट वरच्या श्रेणीत नेमले जाते. खेळाडूच्या पोटाची चिंता समाजाने केली, हे चांगलेच. परंतु आपल्याला बक्षीस म्हणून खुर्चीशिवाय दुसरे काही सुचत नाही, हेही तितकेच खरे आहे. जो धावतो त्यास आपण बसवतो. जो पोहतो त्यास आपण कोरडा करून टेबलामागे नेतो, आणि मग टाळ्या वाजवून घरी जातो.

तो पुन्हा उठला तर काय करायचे, हे मात्र आपणास ठाऊक नसते.

आजकाल वर्तमानपत्रांत हिंदीच्या वळणाने 'क्रिकेटमधून संन्यास' असा प्रयोग येतो. आम्हांस तो प्रथम खटकत असे. आता त्यात एक नकळत बोललेले सत्य आहे असे वाटते. संन्यासाश्रमातून परतीची वाट आपल्या शास्त्राने ठेवलेली नाही. जो परतला त्याला 'आरूढपतित' असा कठोर शब्द आहे, म्हणजे चढून पडलेला. विठ्ठलपंतांची कथा कोणा मराठी वाचकास ठाऊक नाही? काशीस जाऊन संन्यास घेतला, गुरूच्याच आज्ञेने माघारी येऊन संसार केला. परंपरा सांगते की आळंदीच्या लोकांनी गुरूची आज्ञा मोजली नाही, परतणे तेवढे मोजले. पुढे त्या घरात ज्ञानेश्वर जन्मले, तरी ती मुले अनेक वर्षे 'संन्याशाची पोरे' या नावानेच ओळखली गेली. इतक्या मोठ्या कथेशी एका शर्यतपटूची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. सोडून जाणाऱ्यास आपल्याकडे मान असतो, परत येणाऱ्यास मात्र जागा नसते. तेवढेच दाखवायचे आहे. नोकरी सोडून शेतीवर आलेला मुलगा, संसारातून वेळ काढून चाळिशीत परीक्षेस बसलेली सून, या सर्वांकडे गाव ज्या नजरेने पाहते ती नजर आळंदीहूनच चालत आलेली आहे.

परदेशांत याहून निराळे दिसते, पण ते सर्वस्वी निराळे नाही. अमेरिकेतील बास्केटबॉलचा सर्वश्रेष्ठ खेळाडू मायकेल जॉर्डन याने सलग तीन अजिंक्यपदे मिळवून 1993 च्या ऑक्टोबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, खेळ सोडला. त्याच वर्षी जुलैत त्याच्या वडिलांचा खून झाला होता. मग तो बेसबॉल खेळू लागला, तोही दुय्यम दर्जाच्या संघात, आणि त्यात त्याला विशेष यश आले नाही. 1995 च्या मार्चमध्ये 'मी परतलो' एवढ्या दोनच शब्दांचे पत्रक काढून तो आपल्या जुन्या शिकागो संघात आला. मधल्या काळात त्याचा 23 हा क्रमांक समारंभाने निवृत्त करून छताला टांगलेला असल्यामुळे तो 45 क्रमांक घालून उतरला. पहिल्या सामन्यात चाचपडला, दहा दिवसांच्या आत न्यूयॉर्कला एका सामन्यात 55 गुण केले, आणि त्या मोसमाच्या अखेरीस त्याचा संघ हरला. लोक म्हणू लागले, हा पंचेचाळीस क्रमांकाचा माणूस तेवीसवाला नव्हे. पुढील तीन वर्षे, 1996, 1997 आणि 1998, अजिंक्यपद त्याच्याच संघाकडे होते. टेनिसमधल्या ब्योन बोर्गने मात्र सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला, आठ वर्षांनी 1991 साली माँटे कार्लोस तो आपली जुनी लाकडी रॅकेट घेऊन परतला, आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. तोवर सगळे जग दुसऱ्या बनावटीच्या रॅकेटांवर गेले होते.

जॉर्डनची कथा सर्वांना आवडते, कारण ती जिंकून संपते. आम्हांस तिच्यात एक उणीव वाटते. तो परतला तो आपल्या राजवाड्यात परतला. दाराशी पहारेकरी ओळखीचे होते आणि सिंहासनावर दुसरे कोणी बसलेले नव्हते. खाडे परतला (येथे आम्ही पुन्हा एकवचनावर येतो) तेव्हा त्यास आधी रजा मागावी लागली. ज्याच्या एका सहीसाठी माणसे झाडाखाली बसत, त्याला आता शिट्टी वाजली की ठोकळ्यावर चढायचे होते, घड्याळ दाखवील ती वेळ निमूट ऐकून घ्यायची होती, आणि आपण ऑलिंपिकला गेलो तेव्हा जी पोरे प्राथमिक शाळेत होती त्यांच्या शेजारच्या रांगेत उतरायचे होते. साहेब म्हणवून घेतल्यावर पुन्हा 'तू' होणे हे, आमच्या मते, चार वर्षांची सुटलेली ताकद मिळवण्याहून अवघड असावे. ताकदीसाठी शिक्षक भेटतो. दुसऱ्या कामासाठी कोणी भेटत नाही.

2018 च्या ऑगस्टात जकार्ताला आशियाई खेळ झाले. खाडे त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होण्यास काही दिवसच उरले होते. 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने 22.43 सेकंदांची वेळ नोंदवली आणि सतराव्या-अठराव्या वर्षी स्वतःच केलेला, नऊ वर्षे कोणाच्याही हाती न लागलेला 22.52 चा विक्रम मोडला. कचेरीत बसून आलेल्या माणसाने त्या कोवळ्या पोराला पाण्यात मागे टाकले. अंतिम शर्यतीत चीनचा यू पहिला आला, जपानचा नाकामुरा दुसरा, आणि तिसरा जपानचाच नाकाओ, 22.46 सेकंदांत. खाडे 22.47.

शतांश सेकंद म्हणजे किती, हे आम्ही कागदावर मांडून पाहिले. त्या वेगाने माणूस सेकंदाला सव्वादोन मीटरांच्या आतबाहेर जातो. म्हणजे शतांशात सव्वादोन सेंटिमीटर, आमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढे. पोहण्याच्या शास्त्यांनी याहून बारीक मोजणी मुद्दाम सोडून दिलेली आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. 1972 साली म्यूनिकला 400 मीटर मिश्र शर्यतीत स्वीडनचा लार्सन आणि अमेरिकेचा मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखी आली, आणि दोन सहस्रांश सेकंदांनी लार्सनला सुवर्णपदक मिळाले. मागाहून नियम झाला, की शतांशाच्या खाली पाहायचे नाही. तेथे बरोबरी मानायची. कारण तलावाच्या दोन रांगांच्या लांबीत बांधकामामुळेच तेवढा फरक असू शकतो. गवंड्याच्या हाताने पदक ठरू नये, हा विचार आम्हांस फार समंजस वाटतो. खाडेचा शतांश मात्र नियमाच्या अलीकडे पडला, आणि जे पडले ते पडले.

आमच्या या भागात पोहणे म्हणजे विहीर. हा खारपाणपट्टा; विहिरीचे पाणी पिण्यास कामाचे नाही, पण उन्हाळ्यात पोरांनी त्यात उड्या मारण्यास हरकत नसते. कमरेला डबा बांधून किंवा वाळलेला भोपळा घेऊन आमची पिढी त्यातच पोहायला शिकली, आणि तोंडात गेलेल्या पाण्याची चव अद्याप जिभेवर आहे. वेळ मोजण्याचा प्रश्न नव्हता. वरून आईची हाक आली की शर्यत संपे. वऱ्हाडाला व्यायामाचे वेड नाही असे कोणी समजू नये. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचे, आणि 1936 साली त्याचे खेळाडू बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ दाखवून आले. परंतु खेळ हा नोकरी लागेपर्यंतचा, ही समजूत मात्र येथे घट्ट आहे. परत येणाऱ्याची वाट पाहणे आमच्या गावाला तसे नवे नाही. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंना जाणारी आमची शकुंतला आगगाडी बंद पडली, तरी ती पुन्हा धावावी म्हणून लोक अजून निवेदने देतात. माणसांच्या बाबतीत मात्र हीच मंडळी कडक होतात.

मागील हिवाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांसह घरी आला. महाविद्यालयात असताना तो आठशे मीटर धावत असे आणि विद्यापीठाच्या संघात दोनदा निवडला गेला होता. सध्या तो तलाठी आहे. सरकार आता या पदास ग्राम महसूल अधिकारी म्हणते, गाव अजून तलाठीच म्हणते. वय सव्वीस. त्याला सहा महिन्यांची रजा घेऊन पुन्हा धावायचे होते. तो फारसे बोलला नाही, वडीलच बोलले.

"सर, तुमीच समजावून सांगा याले. लागलेली नौकरी टांगून कोनी पयते काय? लोक हासतीन मले."

'हासतीन याला' असे ते म्हणाले नाहीत, हे आम्ही टिपून ठेवले. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, तीन महिन्यांपासून पहाटे साडेचारला उठून दर्यापूर रोडने धावतो, आणि त्याची वेळ महाविद्यालयातल्या वेळेहून सहा सेकंदांनी जास्त आहे. मग पुढे म्हणाला, सुरुवातीला ती अकरा सेकंदांनी जास्त होती. एवढे दोन आकडे सांगून तो गप्प बसला. आम्हांस त्याची ती पद्धत आवडली.

आम्ही त्या दोघांना खाडे यांची हकीकत सांगितली. मालवण, चार वर्षे, जकार्ता, अंगठ्याची रुंदी. त्यापुढचेही सांगितले: 2020 साली टाळेबंदीत देशभरचे तलाव बंद राहिले, तेव्हा पुन्हा निवृत्त होण्याची वेळ येईल असे त्याला जाहीरपणे म्हणावे लागले, टोकियोच्या ऑलिंपिकला जाणे जमले नाही, आणि 2023 च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय खेळांत बत्तिसाव्या वर्षी त्याने 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेतले. त्याच खेळांत स्त्रियांच्या त्याच शर्यतीचे सुवर्णपदक त्याची पत्नी ऋजुता हिने घेतले. तेथेच त्याने निवृत्ती सांगितली. या खेपेस ती कोणी नेमणूकपत्र दिले म्हणून नव्हती.

वडील लक्ष देऊन ऐकत होते. चहा निवला होता.

"म्हंजे त्या आशियाईत चवथा आला," ते म्हणाले.

"हो, चौथा."

"मेडल नाही."

"नाही."

"आन् तहसीलदारकी गेली काय त्याची?"

"नाही. तीही राहिली."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मुलाकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिले आणि थोड्या वेळाने विचारले, "ते बिनपगारी रजेले काय म्हनते सर, सरकारी भाषेत?"

"असाधारण रजा," आम्ही सांगितले.

"असाधारन," त्यांनी तो शब्द एकदा तोंडात घोळवून पाहिला. "अन् अर्ज कोनाच्या नावानं लिवा लागते? तहसीलदारसायबाच्याच ना?"